रस्ता नेमका कोणाचा? मुंबईच्या रस्त्यांबद्दल सारखे येणारे प्रश्न

गाडीवाले, बाईकवाले, चालणारे, बसवाले, सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. मी परळला राहतो, चालतो जास्त, बेस्टच्या बसने जातो, घरी एक स्कूटर आहे आणि कधीमधी भावाची गाडी पण चालवतो, त्यामुळे चारी बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्यात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आलेली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. रोड टॅक्स गाडीवाले भरतात, मग रस्त्यावर पहिला हक्क त्यांचाच ना?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि तो बहुतेक वेळा रागातच येतो. गाडी घेताना भरता तो मोटार वाहन कर, तो जातो राज्य सरकारकडे. तुमच्या बिल्डिंगखालचा रस्ता बनवते महापालिका, स्वतःच्या बजेटमधून. त्यात प्रॉपर्टी टॅक्स आहे, बिल्डरांकडून येणारे डेव्हलपमेंटचे चार्जेस आहेत, जकात बंद झाल्यावर सरकारकडून मिळणारी जीएसटीची भरपाई आहे. म्हणजे नाक्यावर साबणाची वडी घेणारा माणूस पण रस्त्याचे पैसे भरतोय, त्याच्याकडे साधी सायकल नसली तरी. आणि टॅक्सवरूनच हक्क ठरवायचा तर मग सगळ्यात मोठा हक्क ट्रकवाल्याचा होईल, ते चालेल का?

२. मुंबईत सगळ्यात जास्त लोक कशाने प्रवास करतात?

विचारलं की सगळे लोकल म्हणतात. पण एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराचं नियोजन बघणाऱ्या सरकारी संस्थेने, इथल्या वाहतुकीचा मोठा अभ्यास केला होता, २००८ सालचा, त्यात सगळ्या फेऱ्या मोजल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त फेऱ्या निव्वळ पायी निघाल्या. शाळा, बाजार, देऊळ, कामावर चालत जाणारे, सगळे धरून. वर लोकलवाला पण घरातून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनवरून ऑफिसपर्यंत चालतच असतो, तो पायी फेऱ्यांत मोजलाच जात नाही. उलट मुंबईत रजिस्टर झालेल्या गाड्या आता ५० लाखांच्या घरात आहेत, त्यात सगळ्यात मोठा वाटा दुचाकींचा. कारवाले संख्येने कमी आणि जागा खातात सगळ्यात जास्त, आणि भांडण होतं ते बाकीच्यांचं आपापसात, उरलेल्या जागेवरून. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

३. पण कार जास्त लोकांना नेतात ना? रस्ता तर गाड्यांनीच भरलेला दिसतो.

भरलेला दिसतो म्हणजे माणसं जास्त जातायत असं नाही. अमेरिकेत शहरांच्या वाहतूक खात्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे, त्यांनी साधारण तीन मीटरच्या एका लेनमधून तासाला किती माणसं जाऊ शकतात याचा अंदाज दिलाय. फक्त खासगी गाड्या असतील तर ६०० ते १,६००. फक्त बससाठी राखून ठेवलेली लेन असेल तर ४,००० ते ८,०००. तेवढ्याच रुंदीचा फुटपाथ असेल तर ८,००० ते ९,०००. आकडे तिकडचे आहेत हे मान्य, पण पटत नसेल तर संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनच्या बाहेर उभे राहा आणि पाच मिनिटांत किती डोकी जातात ते मोजा, मग शेजारी अडकलेल्या टॅक्सीत किती बसलेत ते मोजा.

४. फुटपाथ किती रुंद पाहिजे? काही नियम आहे का?

आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत, आयआरसी १०३ मध्ये, चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा म्हटलीय, म्हणजे सुमारे सहा फूट. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील एवढी. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा.

मागच्या मे महिन्यात मी सुताराची टेप आणून आमच्या गल्लीच्या तोंडावरचा फुटपाथ मोजला, आजूबाजूचे बघत होते की याला आता काय झालं. भिंतीपासून कडेपर्यंत सहा फूट दोन इंच. म्हणजे कागदावर एकदम पास. आता झाडाजवळ या. झाडाचं आळं अडीच फूट. समोरच्या दुकानाची पायरी एक फूट बाहेर आलेली. राहिले दोन फूट आठ इंच. त्यात कोणीतरी मागचं चाक वर चढवून उभी केलेली बाईक, ती दीड फूट आत. शिल्लक एक फूट दोन इंच. माझे खांदेच याच्यापेक्षा रुंद आहेत. तिथून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जायचं तर आडवं होऊन खेकड्यासारखं सरकावं लागतं, नाहीतर खाली उतरावं लागतं, आणि सगळे खालीच उतरतात.

५. फुटपाथ मोकळा असला तरी लोक रस्त्यावरूनच चालतात, त्यांना शिस्त नाही हे मान्य करा ना.

थोडं मान्य. पण एकदा माझ्या आईबरोबर चाला. तिचे गुडघे गेलेत. आमच्या घरापासून केईएम हॉस्पिटलपर्यंत फुटपाथ आहे, पण प्रत्येक बिल्डिंगच्या गेटपाशी तो तुटतो, म्हणजे तिथे उतरायचं आणि गेट संपलं की परत चढायचं. गाडी आत जाताना जरा पण हलू नये म्हणून माणसाने खालीवर करायचं. नियमात फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या आत धरलीय, प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी ती गुडघ्याकडे जाते कारण रस्त्याचे थर आणि फुटपाथची लादी दोघांची कामं वेगवेगळ्या वेळी होतात. आई दोन गेटं करते, मग म्हणते ‘मेला तो फुटपाथ’, आणि खालून चालायला लागते. बाईकवाला मागून हॉर्न मारतो. त्याच्या हिशोबात ती बेशिस्त.

पावसाळ्यात अजून एक भीती. पेव्हर ब्लॉक हलका असेल तर पाय टाकला की पिचकारी उडते, ते ठीक आहे, पण पाणी तुंबलं की गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामांकित डॉक्टर गेले, ते मुंबई विसरलेली नाही. तेव्हापासून आमच्याकडे जुनी माणसं पाण्यात रस्त्याच्या मधोमध चालतात.

६. फुटपाथवर ते स्टीलचे खांब लावलेत ते चांगले की वाईट?

बोलार्ड म्हणतात त्यांना. हेतू चांगला, बाईक चढू नये. पण बाईक अडेल एवढं अंतर ठेवलं तर व्हीलचेअर पण अडते, आणि व्हीलचेअर जाईल एवढं ठेवलं तर अ‍ॅक्टिव्हा आरामात जाते. शिवाजी पार्क भागातल्या अशा बोलार्डबद्दल एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने तक्रार केली आणि २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते प्रकरण स्वतःहून हातात घेतलं. खरं सांगायचं तर बोलार्ड म्हणजे ताप उतरायची गोळी, बाईक फुटपाथवर का चढते तो रोग वेगळा (प्रश्न १३).

७. फेरीवाले हटवले की फुटपाथचा प्रश्न संपेल ना?

स्टेशनबाहेर बराच हलका होईल, गल्लीबोळात नाही.

स्टेशनचं आधी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. आमच्या इथलाच पूल. तो अरुंद होता हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, हॉस्पिटल, देवळं वगैरेंपासून १०० मीटरच्या आत फेरीवाले बसणार नाहीत. काही दिवस स्टेशनं इतकी मोकळी दिसली की चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग हळूहळू टोपल्या परत आल्या.

दुसरी बाजू म्हणजे २०१४ चा फेरीवाला कायदा. त्यात म्हटलंय की शहराने टाऊन व्हेंडिंग कमिटी बनवायची, सर्व्हे करायचा, जागा ठरवून सर्टिफिकेट द्यायचं, आणि सर्व्हे पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. मुंबईत २०१४ ला सर्व्हे झाला, कमिटीच्या निवडणुका व्हायला २०२४ उजाडलं. या दहा वर्षांत कोण अधिकृत आणि कोण नाही हे कोणालाच ठरवता येईना, आणि असं ढगळ ठेवलं की हप्त्याची सोय आपोआप होते.

माझं मत विचाराल तर एक केळीवाली टोपली घेऊन बसते तेवढ्या जागेत एका कारचा फक्त पुढचा बंपर मावतो. तिच्याकडून रोज दोनशे माणसं काहीतरी घेऊन जातात आणि रात्री गल्लीत एक बाई बसलेली असते म्हणून कॉलेजच्या मुली बिनधास्त त्या बाजूने येतात. कार रविवारपर्यंत तिथेच. तक्रार मात्र केळीवालीचीच होते.

८. एवढे करोडो खर्च करून स्कायवॉक बांधले, लोक वापरत का नाहीत?

काही वापरतात. पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला झाला, मग एमएमआरडीएने तीसहून जास्त बांधले. नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते, जिथे स्कायवॉक स्टेशनच्या पुलाला त्याच उंचीवर जोडलेला आहे आणि माणूस आधीच वर आहे तिथे तो भरलेला असतो. जिथे खालून पन्नास पायऱ्या चढून, चालून, परत उतरायचं आहे तिथे तो प्रेमी युगुलं आणि गर्दुल्ल्यांना आंदण. रस्ता ओलांडायला चाळीस पावलं लागतात, त्याच्यासाठी दुमजली घर चढून उतरायला कोण जाणार? आणि मुळात चालणाऱ्याला वर का पाठवायचं, खालचा रस्ता कोणासाठी मोकळा करताय, असं विचारलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते.

९. झेब्रावर चालणाऱ्याला खरंच पहिला हक्क आहे का? कोणी थांबत तर नाही.

आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमावलीत स्पष्ट आहे, झेब्रावर पादचारी असेल तर गाडीने थांबायचं आणि सिग्नलला स्टॉप लाईनच्या मागे उभं राहायचं. ‘लेफ्ट फ्री असतो’ हा पण एक गैरसमज, पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच लेफ्ट फ्री. २०२० मध्ये दादर-माहीमच्या सिग्नलवर चालणाऱ्या माणसाच्या जागी फ्रॉकवाली बाई लावली त्याचं खूप कौतुक झालं, मलाही आवडली, फक्त ती बाई हिरवी होऊन लाल व्हायच्या आत खऱ्या बाईला पलीकडे जाता येत नाही ही रड अजून आहे. निदान डिव्हायडरमध्ये उभं राहायला चार फूट जागा तरी द्या.

१०. बेस्टची बस स्टॉप सोडून रस्त्याच्या मधेच का थांबते? त्यांच्यामुळेच जाम होतं.

स्टॉपवर आधीच कोण उभं आहे ते बघा. दोन टॅक्सी, एक टेम्पो माल उतरवतोय, एक कार ‘पाच मिनिटं’ करून हझार्ड लाईट लावून गेलीय. बारा मीटरची बस स्टॉपला लावायची तर आत यायला आणि बाहेर पडायला मागेपुढे मोकळी जागा लागते. ती नसते म्हणून ड्रायव्हर तिरकी लावतो किंवा लावतच नाही, मग म्हातारी माणसं फुटपाथवरून उतरून, बाईक चुकवत, रस्त्यात जाऊन बस पकडतात. एकदा माझ्यासमोर एका आजोबांची चप्पल तिथेच राहिली आणि बस सुटली, ते एका पायात चप्पल घालून खिडकीतून बघत होते. ड्रायव्हरची काही चूक नसते असं नाही, पण जाम बसने केलं असं म्हणण्याआधी स्टॉप कोणी खाल्ला ते बघायला पाहिजे.

११. मग मुंबईत बससाठी वेगळी लेन का नाही?

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या ऑफिसांच्या भागात, आखून बघितली, पण मधे काही अडथळा नव्हता, नुसता रंग, मग पहिल्या आठवड्यानंतर त्यात बस सोडून सगळे. कोस्टल रोडच्या मूळ आराखड्यात बससाठी दोन्ही बाजूला लेन राखीव होती, रस्ता चालू झाल्यावर ती कुठे दिसली नाही. नेहमीचं उत्तर असतं की जागा नाही. पण त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकेक लेन पार्किंगला दिलेली असते (प्रश्न १५), तेव्हा जागेचा प्रश्न कोणी काढत नाही.

दुसरी अडचण खुद्द बेस्टची. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, तिथून वाढत वाढत ताफा ४,००० च्या वर गेला होता, आता ३,००० च्या खाली आलाय आणि त्यातल्या बहुतेक बस भाडेतत्त्वावरच्या. लेन राखून ठेवायची आणि तिच्यातून दहा मिनिटांनी एक बस जाणार असेल तर शेजारच्या लेनमधला माणूस रोज शिव्या घालणार आणि चार महिन्यांत ती लेन बंद होणार. म्हणून आधी बस वाढवा की आधी लेन द्या या वादात दोन्ही होत नाही. जुलै २०१९ मध्ये तिकीट ५ रुपयांवर आणलं होतं तेव्हा लोक परत आले होते, मे २०२५ मध्ये ते १० रुपये झालं. शेअर रिक्षावाले खूश.

(शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रामला निदान स्वतःचे रूळ होते. ‘दादर टीटी’ मधला एक टी तिचाच, ट्राम गेली आणि टर्मिनस नावापुरतं राहिलं.)

१२. मुंबईत सायकल चालवतं कोण? त्यांच्यासाठी ट्रॅक कशाला?

पहाटे साडेपाचला खाली उतरा. पाववाला, दूधवाला, पेपरवाला, डोक्याएवढ्या थर्मासचा चहावाला, इडलीवाला, नंतर दहा वाजता डबेवाले. हे सगळे सायकलवर आहेत आणि यातला एकही जण सायकल ट्रॅकच्या मीटिंगला बोलावला जात नाही. मीटिंगला हेल्मेट आणि टाईट पँटवाले असतात, त्यांचं काही चुकीचं नाही, पण त्यांना रविवारी सकाळी मरीन ड्राईव्ह ते वरळी मोकळा रस्ता मिळाला की ते सुखी. पाववाल्याला नाक्यावरून गल्लीत, रोज, गर्दीत जायचंय.

बीकेसीत मोठा खर्च करून सायकल ट्रॅक केले. ते कुठून कुठे जातात तर बीकेसीतून बीकेसीत. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनहून तिथपर्यंत यायला काही नाही. मग त्यावर गाड्या लागल्या, ड्रायव्हर लोक गाडीत झोपायला लागले, आणि २०२५ मध्ये एमएमआरडीएने ते ट्रॅक काढून ती जागा गाड्यांच्या लेनमध्ये घालायचं ठरवलं. मेट्रो २ए आणि ७ मध्ये सायकल घेऊन जाता येते हे मात्र फार कमी जणांना माहितीय, वापरून बघा.

१३. फुटपाथवरून बाईक नेली तर काय दंड? आणि डिलिव्हरीवाले राँग साईडने येतात त्यांचं काय?

फुटपाथवरून गाडी नेणं किंवा त्यावर पार्क करणं दोन्ही बेकायदा, ई-चलान येतं. राँग साईड जास्त गंभीर, त्यात बेदरकार चालवण्याचा गुन्हा पण दाखल होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम, आधी आयपीसी २७९ होतं. आणि मागे बसणाऱ्याला पण हेल्मेट लागतं, मुंबईत जून २०२२ पासून त्यावर कारवाई चालू झालीय, ‘अरे इथेच जायचंय’ चालत नाही.

डिलिव्हरीवाल्यांबद्दल एवढंच म्हणतो की त्यांना शिव्या मी पण घालतो. पण आपल्याकडे डिव्हायडरमधला यू टर्न कधी कधी दीड-दोन किलोमीटर पुढे असतो आणि अ‍ॅपवर ऑर्डर टाकणारा माणूस मिनिटं मोजत असतो, तो आपणच असतो.

१४. सी लिंक, कोस्टल रोडवर बाईकला बंदी का? आमचे पैसे नाहीत का त्यात?

यादी आधी, कारण लोक फसतात. वांद्रे-वरळी सी लिंक (२००९), ईस्टर्न फ्रीवे (२०१३), अटल सेतू (२०२४), कोस्टल रोड (२०२४) यांवर दुचाकी आणि रिक्षा दोन्ही नाहीत. जेजे फ्लायओव्हरवर २०१० पासून दुचाकी बंद, तिथे वळणांवर अपघात होत होते. मी स्वतः एकदा मॅपवर ‘बाईक’ निवडायला विसरलो आणि फ्रीवेच्या तोंडाशी पोहोचलो, हवालदार जणू माझीच वाट बघत होते.

समुद्रावर वारा असतो, गाड्या ८० ने जातात, बाईक घसरली तर मागचा थांबू शकत नाही, हे कारण सी लिंकला पटतं. पण बंदीने बाईक गायब होत नाहीत, त्या खाली येतात. जेजे फ्लायओव्हरच्या खालचा मोहम्मद अली रोड संध्याकाळी बघा, हातगाडी, बेस्ट, टॅक्सी, खरेदीला आलेल्या बायका, आणि वरून हाकललेल्या सगळ्या स्कूटर. वरचा रस्ता सुरक्षित झाला याचा हिशोब होतो, खालच्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. कोस्टल रोडला लागून समुद्राकडेचा चालायचा पट्टा २०२५ च्या ऑगस्टमध्ये उघडला, तिथे पायी खुशाल जा, भुयारी मार्गाने खाली उतरायचं.

१५. माझ्या बिल्डिंगसमोरची रस्त्यावरची जागा माझीच ना? आम्ही कुंडी ठेवली तर कोणीतरी उचलली.

ज्याने उचलली त्याने बरोबर केलं. रस्ता सार्वजनिक आहे, सोसायटीची हद्द कंपाऊंडला संपते. कुंडी, जुना टायर, मोडकी खुर्ची, ‘नो पार्किंग, हवा काढली जाईल’ ची पाटी, यातलं काहीच कायदेशीर नाही.

कार दिवसातले बावीस तास उभीच असते. ती उभी करायला साधारण सव्वाशे स्क्वेअर फूट जागा लागते, परळमध्ये तेवढ्या जागेचं भाडं काय आहे ते ब्रोकरला विचारा, आमच्या चाळीत तेवढ्यात सहा जणांचं कुटुंब राहायचं. रस्त्यावर ती जागा फुकट. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने पब्लिक पार्किंगपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा पार्किंगला कारमागे १०,००० रुपये दंड लावायला सुरुवात केली तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की बस, आणि त्याच वेळी पैसे घेऊन पार्किंग देणाऱ्या बिल्डिंगांचे मजले अर्धे रिकामे असायचे. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी रजिस्टर करायची नाही, असंही सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखवलं. माझ्या भावाने ते ऐकून त्याच महिन्यात दुसरी गाडी बुक केली.

१६. नवे पूल, नवे रस्ते बांधले तर ट्रॅफिक कमी होणार नाही का?

काही महिने होतो. मग रस्ता मोकळा आहे म्हणून जे लोक आधी ट्रेनने जायचे ते गाडी काढतात आणि गर्दी पुढच्या सिग्नलला जाऊन बसते. कोस्टल रोडने मरीन ड्राईव्ह ते वरळी खरंच दहा-बारा मिनिटांत होतं, साडेदहा किलोमीटर, झक्कास, पण प्रत्येक गाडीला शेवटी कुठल्यातरी जुन्या रस्त्यावर उतरायचंच असतं आणि तो तेवढाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यात गाडी आणायचे पैसे घ्यायला सुरुवात केली, सिंगापूरने १९७५ पासून, आणि आपण उलट्या दिशेला. मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण चालू झाली, ३३ किलोमीटर, २७ स्टेशनं. त्याने फरक पडेल, पण स्टेशनमधून वर आल्यावर चालायला जागा पाहिजे, मग परत प्रश्न ४ वर या.

१७. पूल पाडतात तेव्हा चालणाऱ्यांनी कुठून जायचं?

इथे मी शांतपणे लिहू शकत नाही. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, आमचा प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन्ही पूल शंभरी पार केलेले, पाडायला पाहिजेच होते, त्याबद्दल वाद नाही. गाड्यांसाठी डायव्हर्जनचा नकाशा पेपरात येतो, रंगीत, बाण काढलेला. टिळक ब्रिजने जा, करी रोडने जा. गाडीला तो वळसा पंधरा-वीस मिनिटांचा. टाटा आणि केईएमला येणारे पेशंट पश्चिमेला उतरले तर फाईल, एक्स-रेची पिशवी आणि सलाईनची सुई लावलेला हात घेऊन रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढतात. लिफ्ट चालू आहे का ते आधी कोणालातरी विचारून निघा, नकाशात ते नसतं.

१८. रिक्षा वांद्र्याच्या पुढे का येत नाहीत?

परमिटच उपनगरांचं आहे, पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायनपर्यंत. त्या खाली काळीपिवळी. फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी भाडं रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये. ‘जवळचं भाडं नको’ म्हणाला तर नकार देणं बेकायदा आहे, नंबर लिहून आरटीओकडे तक्रार करता येते, मी दोनदा केलीय.

१९. गणपतीचा मंडप रस्त्यावर चालतो, मग गाडी का नाही?

हा प्रश्न लालबागच्या शेजारी राहणाऱ्याला विचारताय, धाडस आहे. मंडपाला महापालिकेची परवानगी लागते, ट्रॅफिक पोलिसांची आणि फायर ब्रिगेडची लागते, अ‍ॅम्ब्युलन्स आणि चालणाऱ्यांना जागा सोडावी लागते. रस्त्यात खड्डा खणला तर दर खड्ड्याला दंड, २०२५ मध्ये तो २,००० वरून १५,००० केला होता, ओरड झाल्यावर परत २,००० वर आणला. सगळी मंडळं नियम पाळतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या दहा दिवसांत आमच्या रस्त्यावर गाड्या बंद असतात आणि लाखो माणसं चालत येतात, रात्री तीनला लहान पोरं खांद्यावर घेऊन. कोणी म्हणत नाही की रस्ता वाया गेला.

२०. खड्ड्यात पडून लागलं तर भरपाई मिळते का? तक्रार कोणाकडे?

मिळू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास ५०,००० ते अडीच लाख. पोलिसात नोंद, हॉस्पिटलचे कागद, खड्ड्याचा फोटो आजूबाजूची खूण दिसेल असा, हे त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला असतो (हा पण एक उपाय म्हणा). खड्डा, फुटपाथ, गटार यासाठी वॉर्ड ऑफिस किंवा १९१६. पार्किंग, राँग साईड, सिग्नल यासाठी ट्रॅफिक पोलीस. वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आधी एमएमआरडीएकडे होते, नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेकडे, त्यामुळे ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणाले तर तारीख सांगा. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे असं म्हटलंय, तक्रारीत ते एक वाक्य घाला, फाईल जरा सरळ धरली जाते.

२१. गल्लीत वर्षानुवर्षे पडलेली भंगार गाडी कोण उचलणार?

वॉर्ड ऑफिस. आधी काचेवर नोटीस चिकटवतात, मुदतीत मालकाने नाही हलवली तर टो करून यार्डात आणि नंतर लिलाव. आमच्या गल्लीत वडाखाली एक निळी गाडी होती, चारी टायर बसलेले, आत मांजर व्यायलेली. चार तक्रारी आणि सात महिने लागले. उचलली त्या दिवशी खाली डांबराचा काळाकुळकुळीत चौकोन निघाला, बाकी रस्त्यापेक्षा चार इंच खाली, म्हणजे रस्ता दोनदा झाला तेव्हा पण ती तिथेच होती. पोरांनी संध्याकाळपर्यंत त्यात स्टंप ठोकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोणाची तरी पांढरी एसयूव्ही उभी होती. नवी नोटीस लागायला ती अजून भंगार झालेली नाही.